कौलं उतरवण्याआधी

मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात संगमेश्वर तालुक्यातल्या एका वाडीत गेलो होतो. पाखाडी उतरून खाली आलो, तर समोरच्या अंगणात कौलांच्या चळती लागलेल्या. वर उघड्या आढ्यावर बसून एक गडी वासे खाली सोडत होता, दुसरा ते गडग्याला टेकवून ठेवत होता. ओटीचे चार खांब आधीच टेम्पोत आडवे पडले होते. फणसाचे खांब. खालच्या अंगाला, रांगतं मूल उभं राहिलं तर हात पोचेल एवढ्या उंचीवर लाकूड काळं, गुळगुळीत झालेलं. त्याला धरून त्या घरातल्या चार पिढ्या तरी उभ्या राहायला शिकल्या असणार. टेम्पोवाला घाटावरचा. असे खांब हॉटेलवाल्यांना आणि फार्महाऊसवाल्यांना लागतात, म्हणाला. घरच्या काकू तुळशीवृंदावनाच्या कट्ट्यावर बसून कौलं मोजत होत्या. मी काही विचारायच्या आत त्याच बोलल्या, "कौलं चाळायला माणूस मिळत नाही. दोन पावसाळे भांडी मांडून काढले. आता या वयात मी चढू का छपरावर?"

यावर द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हतं. जुनी घरं राखली पाहिजेत असं मी अनेकदा लिहिलं आहे, भाषणांत बोललो आहे. पण त्या अंगणात ते बोलायला तोंड उघडेना. तेव्हापासून दोन्ही बाजू पुन्हा पहिल्यापासून तपासाव्यात असं वाटत राहिलं, म्हणून हा लेख.

रत्नागिरी जिल्ह्यातली जुनी घरं, देवळं, मशिदी, शाळा आणि बंदरांवरच्या इमारती यांतलं काय ठेवायचं, ते कुणी ठरवायचं आणि त्याचा खर्च कुणी सोसायचा, हा प्रश्न आता लांबवता येणार नाही. 11 जुलै 2025 रोजी मराठ्यांच्या 12 किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत जागा मिळाली आणि त्यांत हर्णैचा सुवर्णदुर्ग आला. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये राज्याच्या अर्थसंकल्पात संगमेश्वरला छत्रपती संभाजी महाराजांचं स्मारक उभारण्याची घोषणा झाली. महाराज 1 फेब्रुवारी 1689 रोजी जिथे पकडले गेले त्या कसब्यात, एक चित्रपट गाजल्यावर, गाड्यांची रांग लागू लागली. त्याच कसब्यातलं कर्णेश्वराचं कोरीव देऊळ मात्र शतकानुशतकं तिथेच उभं आहे आणि त्यासाठी वाट वाकडी करणारे आजही थोडेच. एखादी इमारत महत्त्वाची आहे हे आपल्याला बाहेरून कुणीतरी सांगावं लागतं, याची मला खंत वाटते.

आधी इथली वस्ती कशी बसली ते पाहू. ते डोळ्यांसमोर नसेल तर काय राखायचं याचा निवाडा चुकतो. देशावरचं गाव गावठाणात एकवटलेलं असतं, कोकणातलं गाव उतारावर विखुरलेलं. वर सडा, त्यावर कातळ. सड्याखाली घरं. घरांखाली व्हाळ, मळा, भातखाचरं, आणि नशीब असेल तर खाडी. वाड्या एकमेकींपासून हाकेच्या अंतरावर, मध्ये गडगे आणि पाखाड्या. ब्राह्मणवाडी, कुणबीवाडी, भंडारवाडी, बौद्धवाडी, खारवीवाडा, मोहल्ला. गावाचा नकाशाच जातीधर्माने आखलेला. जातीवाचक वस्त्यांची नावं बदलायचा निर्णय राज्य सरकारने डिसेंबर 2020 मध्ये घेतला. तो योग्यच होता. पण नाव बदललं तरी उताराच्या कुठल्या टप्प्यावर कोण राहत होतं आणि कुठली विहीर कुणाची होती हे जमिनीवर लिहिलेलंच राहतं.

ही वस्ती एका रात्रीत बसली नाही. सड्यावरची कातळशिल्पं हजारो वर्षांमागची. उक्षी, देवाचे गोठणे, बारसू, कशेळी इथे माणसाने जांभ्यावर हत्ती, मासे, माणसं आणि आपल्याला न उलगडणाऱ्या आकृती कोरल्या. कशेळीच्या कनकादित्याला शिलाहार राजा दुसरा भोज याने दिलेल्या दानाचा ताम्रपट 1191 सालचा आहे. दाभोळहून घोडे, कापड, माणसं अरबस्तानाच्या बाजूला जात येत. पंधराव्या शतकात रशियन प्रवासी निकितिन परत निघाला तो इथूनच, आणि पुढच्या शतकाच्या सुरुवातीला पोर्तुगीजांनी हेच बंदर जाळलं. राजापूरला इंग्रजांनी वखार घातली. पेशवाई बुडाल्यावर 1819 साली दक्षिण कोकणचा जिल्हा झाला तेव्हा त्याचं ठाणं बाणकोटला होतं. ते 1822 साली रत्नागिरीला आलं. आज जे जिल्ह्याचं शहर म्हणून मिरवतं ते कचेरीच्या पाठोपाठ वाढलेलं गाव आहे. दापोलीच्या नावामागचा 'कॅम्प' हा गोऱ्यांच्या छावणीचा उरलेला शब्द. आणि मग मुंबई. गिरण्यांत, गोदीत, घरकामाला गेलेल्या माणसांनी मनिऑर्डरी पाठवल्या आणि त्यांवर इथली जोती चढली. मोहल्ल्यांत आफ्रिकेतून आणि पुढे आखातातून पैसा आला, त्यातून गच्च्या आणि रंगीत काचांच्या खिडक्या आल्या.

एवढ्या थरांतून आज आपण अधिकृतपणे काय जपतो? मुख्यतः किल्ले, आणि थोरांची घरं. शहरात टिळक आळीतलं लोकमान्यांचं जन्मघर आहे, टिळक 23 जुलै 1856 रोजी रत्नागिरीतच जन्मले. आणि थिबा राजवाडा आहे. राजवाड्याशी थोडं थांबायला हवं. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा याला 1885 च्या नोव्हेंबरात इंग्रजांनी मंडालेहून उचललं आणि पुढच्या वर्षी रत्नागिरीत आणून ठेवलं. खाडी आणि समुद्र दिसणाऱ्या टेकाडावरचा हा लाल जांभ्याचा, उतरत्या छपरांचा वाडा त्याला राहायला मिळाला 1910 साली, म्हणजे बंदिवासाची चोवीसहून अधिक वर्षं उलटल्यावर. त्यानंतर सहा वर्षांत, डिसेंबर 1916 मध्ये तो इथेच वारला. दिल्लीचा शेवटचा बादशहा रंगूनला पुरला गेला आणि ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा रत्नागिरीत. 2012 साली म्यानमारचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष इथे येऊन राजाच्या समाधीपुढे उभे राहिले.

वाडा सरकारी, म्हणून टिकला. आज त्यात संग्रहालय आहे, आणि डागडुजीच्या खर्चासाठी कुणा काकूंना कट्ट्यावर बसावं लागत नाही. पण राजाच्या थोरल्या मुलीची मुलगी, टूटू, याच शहरात साध्या घरात, इथल्या बायकांसारखं नेसून, मराठी बोलत म्हातारी झाली आणि 2000 साली गेली. तिचं घर कुणी वारशात धरलं नाही. ते धरावंच असा माझा हट्ट नाही. पण राजाचा बंदिवास वाड्यातून समजतो तसा त्याच्या नातीचा रत्नागिरीकर होण्याचा प्रवास त्या साध्या घरातून समजला असता, आणि वस्तीच्या इतिहासात दुसरी गोष्ट मला जास्त मोलाची वाटते.

आता राखणाऱ्यांची बाजू. ती भक्कम आहे. जांभ्याचा चिरा खाणीतून काढताना मऊ असतो आणि हवा लागत जाते तसा कठीण होतो. त्याची जाड भिंत, वर उतरतं कौलारू छप्पर, पावसाळ्यात भिंतीला लावलेली झापं, मध्ये काळोखा थंड माजघर आणि पुढे पडवी. तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस झेलणाऱ्या मुलखात हे घर माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या चुका करत, सुधारत उभं केलं. स्लॅबच्या घरात मे महिन्याच्या दुपारी बसून पाहावं आणि मग माजघरात, म्हणजे फरक कातडीला कळतो. तुळई आणि खांबाचा सांधा खिळ्याशिवाय बसवणारा सुतार आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकाही राहिला नाही, आणि घर पाडलं की त्याच्या हातांचा शेवटचा पुरावाही जातो. शिवाय अशा घरांतून रोजगार होऊ शकतो. मालगुंडला केशवसुतांचं जन्मघर त्याच्या मूळ घडणीसह ठेवून कोकण मराठी साहित्य परिषदेने 1994 साली स्मारक उभं केलं. गणपतीपुळ्याला आलेला माणूस तिथे जातो, कौलाखालच्या थंडाव्यात पाच मिनिटं उभा राहतो. त्याला कवितेची एक ओळही पाठ नसली तरी शंभर सव्वाशे वर्षांपूर्वी शाळामास्तराचं घर कसं असे ते तो पाहून जातो.

हे सगळं मला पटतं. तरीही समोरची बाजू केवळ अडाणीपणाची किंवा पैशाच्या लोभाची आहे असं म्हणणं अन्याय होईल.

पहिली गोष्ट खर्चाची आणि कष्टाची. कौलारू घर दरवर्षी हात मागतं. पावसाच्या तोंडावर कौलं चाळायची, फुटकी बदलायची, रीप कुजली असेल तर नवी मारायची, वाळवी बघायची. पूर्वी घरात दहा माणसं होती आणि वाडीत कामाला येणारे होते. आज घरात दोन म्हातारी असतात आणि मुलं विरारला नाही तर ठाण्याला. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात दापोली आणि मंडणगड तालुक्यांत कौलं उडाली, आडव्या पडलेल्या माडांखाली आढी मोडली, आणि पाऊस तर दारात आलेला. तेव्हा ज्याला जो पत्रा मिळाला तो त्याने घातला. पत्र्याखाली उकडतं, पावसात शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, पण एका दिवसात घर झाकलं जातं. त्या माणसाला परंपरेची आठवण करून द्यायला मी जाणार नाही.

दुसरी गोष्ट मालकीची. मूळ घर एक, उताऱ्यावर नावं तीस. चुलते, आतेभाऊ, मयतांचे वारस, कुणी परदेशात. गणपतीला सगळे येतात, पाच दिवस आरतीला घर दणाणतं, आणि विसर्जनानंतर आढ्याला टेकू कुणी द्यायचा याचा निर्णय न होता सगळे गाडीत बसतात. राहणाऱ्याला दुरुस्तीचा हक्क नाही, हक्क असलेल्याला राहायचं नाही. अशी किती तरी घरं कुणी न पाडताच पडली. पावसाळ्यात एक कोपरा बसतो, पुढच्या वर्षी माजघर, आणि मग जोत्यावर रान. अशा जागेला आमच्याकडे घरवंद म्हणतात. 'इथे घर होतं' एवढंच सांगायला वेगळा शब्द लागावा, इतके घरवंद इथे आहेत.

तिसरी गोष्ट जास्त खोल आहे आणि वारसाप्रेमी ती टाळतात. कोकणातलं राखण्यासारखं म्हणून दाखवलं जाणारं घर बहुतेक वेळा खोताचं किंवा सुखवस्तू माणसाचं असतं. गरिबाचं घर केंबळाचं, कुडाचं होतं, ते राखायला उरलेलंच नाही. खोतीत कुळाने धान्याचा वाटा द्यायचा आणि वर वेठही करायची. खोती बंद करण्याचं विधेयक डॉ. आंबेडकरांनी 1937 साली मुंबई विधिमंडळात मांडलं. त्यांचं मूळ गाव आंबडवे याच जिल्ह्यात, मंडणगड तालुक्यात. कायदा व्हायला 1949 साल उजाडलं. ज्या ओटीवर आजोबाला चढू दिलं नाही ती ओटी जपायला नातवाने आपल्या करातून पैसे का द्यावेत? हा प्रश्न मला एका तरुणाने भर बैठकीत विचारला होता. सभेत थोडा वेळ कुणीच बोललं नाही.

त्याला मी तेव्हा जे नीट सांगू शकलो नाही ते आता सांगतो. ओटी सुंदर आहे म्हणून ती जपावी हे कारण त्याच्यासाठी पुरेसं नाही, आणि असूही नये. पण ओटी आणि अंगण यांच्यातली उंची हाच त्या व्यवस्थेचा पुरावा आहे. कोण कुठल्या पायरीपर्यंत येऊ शकत होता, धान्य कुठे मापलं जाई, पाणी कुठून वाढलं जाई, हे घराच्या बांधणीतच आहे. घर जमीनदोस्त झालं की ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्या बाजूचा साक्षीदारही जातो. म्हणूनच राखायच्या यादीत फक्त वाडे धरले तर ती यादी खोटी. तिच्यात बौद्धवाडीची वेगळी विहीर आली पाहिजे, भंडारवाडीतल्या माडीच्या व्यवसायाच्या खुणा आल्या पाहिजेत, खारव्यांचे मासळी वाळवायचे ओटे आले पाहिजेत. शहरातलं पतित पावन मंदिर पाहा. 1931 साली भागोजीशेठ कीरांच्या पैशाने आणि रत्नागिरीत स्थानबद्ध असलेल्या सावरकरांच्या पुढाकाराने ते बांधलं गेलं, सर्व जातींना गाभाऱ्यापर्यंत जाता यावं म्हणून. त्याच्या स्थापत्यापेक्षा त्याचा उंबरठा महत्त्वाचा.

जुनं म्हणजे नेमकं कुठलं, हाही प्रश्न आहेच. आपण ज्याला अस्सल कोकणी छप्पर म्हणतो ते मंगलोरी कौल इथलं नव्हे. बासेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला 1865 साली, आणि त्यानंतर गलबतांतून ती कौलं किनाऱ्यावर पसरली. त्याआधी नळ्यांची कौलं, त्याआधी आणि गरिबांकडे नंतरही केंबळ. ज्या दिवशी केंबळ उतरवून पहिलं लाल कौल चढलं त्या दिवशी एखादा म्हातारा हळहळला असेलच. म्हणून बदल थांबवा असं म्हणणं मला जमत नाही. बदल होताना काय हातचं जातंय ते कळावं, एवढीच माझी मागणी.

देवळांच्या बाबतीत मात्र मी थोडा कडक होतो. गेल्या तीस-चाळीस वर्षांत कोकणातल्या गावोगावच्या देवळांचा जीर्णोद्धार झाला. कौलारू, लाकडी खांबांची, कोरीव तुळयांची देवळं जाऊन सिमेंटचे कळस आणि फरशी बसवलेले सभामंडप आले. गावकऱ्यांची बाजू मी ऐकली आहे. देऊळ ही जिवंत जागा आहे, संग्रहालय नव्हे. शिमग्याला पालखी सहाणेवर जाते, हजार माणसं जमतात, जुन्या मंडपात ती मावत नाहीत. वर्गणी मुंबईकर चाकरमान्यांची, आणि ज्याने सगळं आयुष्य दहा बाय दहाच्या खोलीत काढलं त्याला आपल्या देवाचं घर तरी पक्कं, उजेडाचं व्हावं असं वाटतं. त्या भावनेपुढे मी मान झुकवतो. जपानात इसे इथली देवळं तर दर 20 वर्षांनी मुद्दाम नव्याने बांधतात. 2013 साली ती बासष्टाव्यांदा बांधली गेली, आणि त्यांना कुणी नवी म्हणत नाही.

पण इसेला लाकूड नवं असतं, हात तेच राहतात. सांधा तोच, माप तेच, शिकवणारा आणि शिकणारा एकाच माचीवर. आमच्याकडे जीर्णोद्धारात जुना सुतार बाहेर राहतो आणि ठेकेदार आत येतो. कोरलेल्या तुळया देवळामागे पावसात पडून कुजतात किंवा कुणीतरी घेऊन जातो, आणि त्या कशा होत्या याचा एक नकाशासुद्धा उरत नाही. जीर्णोद्धार करावा की नाही यासाठी आम्ही देवाला कौल लावतो, पण जुनं मोडायच्या आधी त्याची मापं घ्यावीत असं कुणाला सुचत नाही. देऊळ एका घराचं नसतं. त्याचे विश्वस्त सार्वजनिक न्यासाच्या 1950 च्या कायद्याखाली नोंदलेले असतात. खासगी घरमालकावर जी सक्ती अन्यायाची ठरेल ती इथे वाजवी आहे. संपूर्ण मोजणी आणि छायाचित्रं झाल्याशिवाय आणि गावसभेत उघड चर्चा झाल्याशिवाय जुन्या देवळाचा एक खांबही हलवता कामा नये. मशिदींना, शाळांना, सरकारी इमारतींना हाच नियम असावा. दाभोळची आदिलशाही काळातली घुमटांची मशीद असो, कुठल्या वाडीतली शंभरी ओलांडलेली जीवन शिक्षण शाळा असो, त्या सार्वजनिक आहेत आणि त्यांचा निवाडाही चारचौघांत व्हावा.

खासगी घरांसाठी कायद्याने बंदी घालावी असं काही मित्र म्हणतात. मी विचार करून नाही म्हणतो. आपल्याकडचे कायदे स्मारकांसाठी आहेत. केंद्राचा 1958 चा आणि राज्याचा 1960 चा. केंद्राच्या कायद्याला 2010 साली जोड मिळाली, त्याप्रमाणे संरक्षित स्मारकापासून 100 मीटरपर्यंत नवं बांधकाम नाही आणि पुढच्या 200 मीटरपर्यंत परवानगी लागते. किल्ल्याला हे ठीक. पण सुवर्णदुर्गासमोरच्या किनाऱ्यावरचा फत्तेगड पाहा. त्याच्यावर आज कोळ्यांची दाट वस्ती आहे, तट शोधावा लागतो. सुवर्णदुर्गाचं नाव जगाच्या यादीत गेलं याचा आनंद त्या घरांनाही झाला असेल, पण संडास बांधायला परवानगी लागेल का, ही धास्तीही त्यांनाच. बंदीची कुणकुण लागली की माणूस यादी यायच्या आधीच घर पाडतो. रात्रीत पाडतो. बंदीमुळे वाचलेल्या घरांपेक्षा तिच्या भीतीने गेलेली घरं जास्त होतील अशी मला खरीखुरी भीती आहे.

बंदीशिवायची एक वाट दुसरीकडे दिसते. अमेरिकेच्या मधल्या राज्यांत, मक्याच्या शेतांमधल्या जिल्ह्यांत, अशीच विखुरलेली वस्ती आहे आणि तिथली तरुण मुलंही शहरांकडे गेली. तिथे 1966 च्या कायद्याने ऐतिहासिक वास्तूंची राष्ट्रीय नोंदवही सुरू झाली. तिच्यात घराचं नाव चढलं तरी खासगी मालकाला आपल्या पैशाने ते पाडता येतं, स्थानिक नियम आड आला नाही तर. हे ऐकून पहिल्यांदा मला ती नोंदवही पोकळ वाटली होती. नंतर लक्षात आलं की ती नोंद निर्धोक आहे म्हणूनच लोक दार उघडतात. आणि त्याही आधी, 1933 साली, मंदीत काम नसलेल्या वास्तुविशारदांना पगार देऊन त्यांच्याकडून तिथल्या सरकारने जुन्या इमारती मोजून, रेखाटून घेतल्या. पुढे त्यांतल्या कित्येक इमारती गेल्या. रेखाटनं राहिली.

रत्नागिरीत सुरुवात इथून व्हावी. ग्रामपंचायतीने वाडीवार नोंद करावी आणि त्या नोंदीला बंदीची कसलीही शेपटी नसावी. घराचा आराखडा, जोत्याची उंची, लाकडाची जात, सुतार कुठला, घर कुणाच्या पैशाने उभं राहिलं आणि कुणाच्या श्रमाने. वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांना सुट्टीत हे काम देता येईल, आणि वाडीतली शाळकरी मुलं त्यांच्यापेक्षा चांगली माहिती काढतील, कारण त्यांना आजीशी बोलता येतं. उक्षीसारख्या गावाने कातळशिल्प सांभाळलं, सड्यावर फिरून कातळशिल्पं शोधणाऱ्या मंडळींनी रत्नागिरीचं नाव 2022 साली जागतिक वारशाच्या संभाव्य यादीपर्यंत नेलं. सरकारी खात्याच्या आधी हे काम गावातल्या पायांनी झालं. नोंद मात्र एकाच कपाटात ठेवून चालणार नाही. 22 जुलै 2021 च्या पुरात चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरात, 1864 पासूनच्या संस्थेत, पाणी शिरलं आणि पुस्तकांचा चिखल झाला. एक प्रत गावात, एक तालुक्याला, एक जिल्ह्याबाहेर.

दुसरं, छप्पर. पडायला लागलेल्या घरासाठी मोठं अनुदान देण्यापेक्षा उभ्या घराची कौलं दरवर्षी चाळायला थोडी मदत द्यावी. चार-पाच गावांत मिळून सुतार आणि दोन गडी असा एक संच ठेवला, तर काकूंसारख्या कित्येकींचा प्रश्न तिथेच सुटेल. पैसा पर्यटनाच्या निधीतून येऊ शकतो. खोटी खेडी उभारण्यापेक्षा खऱ्या खेड्याचं छप्पर गळू नये यावर तो लागावा. आणि वाटणीच्या भांडणात अडकलेल्या घरात जो राहतो त्याला बाकीच्या हिस्सेदारांच्या सह्यांशिवाय निदान छपराची दुरुस्ती करण्याचा स्पष्ट अधिकार असावा, मालकीवर परिणाम न होता.

यातून सगळी घरं वाचणार नाहीत. काही फार चांगली घरं जातील, आणि ती जाताना मला वाईट वाटेल. तेवढी किंमत मी मान्य करतो. ज्याला त्या घरात राहायचं नाही त्याला कायद्याने त्यात बांधून ठेवणं मला त्याहून वाईट वाटतं.

त्या दिवशी वाडीत टेम्पो निघून गेल्यावर काकूंच्या नातवाकडे मी टेप मागितला. तो अकरावीत, सुट्टीसाठी मुंबईहून आलेला. टेपचं एक टोक त्याने धरलं, एक मी. काकू कट्ट्यावरून उठून आत आल्या. भिंती होत्या, वर आकाश होतं. इथे जातं. इथे बाळंतिणीची खोली, खिडकी मुद्दाम लहान. या कडीला पाळणा, माझ्या तिन्ही मुलांचा. मी आकडा सांगायचो, तो वहीच्या मागच्या पानावर लिहायचा. शेवटी ओटीची उंची घेतली, साडेतीन फूट, पायऱ्या पाच. काकू खाली अंगणात उभ्या राहिल्या आणि हातातली काठी त्यांनी दुसऱ्या पायरीवर टेकवली. "कुळं इथवर यायची," त्या म्हणाल्या. "सासऱ्यांच्या वेळी. त्याच्या वर कुणी नाही." नातू टेप गुंडाळत होता, तो थांबला. मग त्याने वही उघडली आणि दुसऱ्या पायरीसमोर तेही लिहिलं.